कांटेरी कुंपणांतील बुद्ध

अन्यायाचें परिमार्जन कशानें होतें, असा प्रश्न निघाला म्हणजे न्यायालय, कायदा आणि भरपाई हीं उत्तरें चटकन् सुचतात. परंतु अमेरिकेंतील जपानी वंशाच्या बौद्धांचा इतिहास पाहिला म्हणजे तेवढ्यानें जखम भरत नाहीं, असें दिसून येतें.

सन १८९९ मध्यें दोन जपानी बौद्ध धर्मोपदेशक सॅनफ्रान्सिस्को येथें उतरले. पुढें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी मजूर व शेतकरी यांच्या वस्त्यांतून मंदिरें उभीं राहिलीं. परकेपण मात्र सुटलें नाहीं. १९२२ सालीं ताकाओ ओझावा यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें, जपानी मनुष्य ‘गोरा’ नसल्यामुळें त्यास नागरिकत्व मिळूं शकत नाहीं, असा निर्णय दिला. १९२४ च्या कायद्यानें नव्या आगंतुकांस दारही बंद झालें. अमेरिकेंत जन्मलेलीं मुलें तेवढीं कायद्यानें नागरिक होतीं.

७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. लगेच जी धरपकड झाली, तींत बौद्ध पुरोहित आघाडीवर होते. वर्ण गोरा नव्हे आणि धर्म ख्रिस्ती नव्हे. संशयाला याहून अधिक पुरावा लागला नाहीं. भयानें कित्येक कुटुंबांनीं आपलीं सूत्रें जाळलीं किंवा पुरलीं. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं आदेश क्रमांक ९०६६ काढला. सुमारें १,२०,००० माणसें दहा छावण्यांत कोंडलीं गेलीं. त्यांपैकीं दोनतृतीयांश जन्मानें अमेरिकन होतीं आणि बहुसंख्य बौद्ध होतीं. जर्मन व इटालियन वंशाच्या नागरिकांना असें सरसकट हलविलें गेलें नाहीं, यांतच या कृत्याचें मर्म आहे. प्रत्येक कुटुंबास एक क्रमांक मिळाला. नांवाची जागा आंकड्यानें घेतली.

कुंपणाच्या आंत धर्म मात्र जिवंत राहिला. टाकाऊ लांकडांतून देव्हारे घडले. उत्तर डाकोटांतील बंदिवासांत बुद्धजन्मोत्सवासाठीं गाजरांतून बालबुद्धाची मूर्ति कोरली गेली. वायोमिंगमधील हार्ट माउंटन छावणीच्या स्मशानाजवळ युद्धानंतर शेंकडों लहान दगड सांपडले. प्रत्येकावर शाईनें एकेक अक्षर लिहिलेलें होतें. तीं अक्षरें सद्धर्मपुंडरीक सूत्रांतील होत, असें अभ्यासकांनीं पुढें दाखवून दिलें. कॅलिफोर्नियांतील मॅन्झनार येथें १९४३ सालीं मृतांसाठीं शुभ्र स्तंभ उभारला गेला. त्याचा गवंडी कॅथॉलिक होता, तर अक्षरें बौद्ध पुरोहितानें लिहिलीं. त्यांचा अर्थ ‘आत्म्यांचें सांत्वन करणारा स्तंभ’ असा आहे. १९४४ सालीं यूटामधील टोपाझ छावणींत तेथील प्रमुख बौद्ध संस्थेनें ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’ हें नांव धारण केलें. अमेरिकन होण्यासाठीं बौद्धपण सोडावें लागत नाहीं, असा त्यांत निर्धार होता. आणि संस्थेला ‘चर्च’ म्हणवून घ्यावें लागलें, एवढी परिस्थितीची सक्तीही होती. याच छावण्यांतील तरुण ४४२ व्या पलटणींत लढले. परंतु सैनिकाच्या ओळखपट्टीवर प्रॉटेस्टंट, कॅथॉलिक व ज्यू यांचीं अक्षरें होतीं, बौद्धाचें नव्हतें.

न्याय आला तो फार उशिरां. १९८३ सालीं सरकारी आयोगानें वंशद्वेष, युद्धज्वर आणि नेतृत्वाचें अपयश हीं या कृत्याचीं कारणें ठरविलीं. १९८८ च्या कायद्यानें राष्ट्रानें क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देऊं केले. ८२,००० हून अधिक लोकांना ती रक्कम मिळाली. परंतु ज्यांचे मळे व दुकानें गेलीं, त्या वडील पिढींतील पुष्कळ जण तोंवर मृत्यु पावले होते. मृतांना पैसा पोंचत नाहीं.

ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न बौद्ध परंपरेंतूनच झाला. जपानी मंदिरांत मृतांच्या नांवांची वही ठेवण्याची रीत आहे. सोतो झेन पंथाचे पुरोहित व इतिहासकार डंकन र्यूकेन विल्यम्स यांच्या पुढाकारानें २०२२ सालीं ‘इरेइचो’ नांवाचा ग्रंथ लॉस एंजेलिस येथें सिद्ध झाला. त्यांत बंदिवानांचीं १,२५,२८४ नांवें नोंदलीं गेलीं. बंदिवासाच्या ७५ स्थळांची माती त्यांत गुंफली गेली. येणारा मनुष्य नांवाखालीं शिक्क्यानें एक निळा ठिपका उमटवितो. चुकलेलें नांव कळल्यास तें सुधारलें जातें.

क्षमायाचना सरकार करतें आणि भरपाई खजिना देतो. परंतु ज्याला आंकडा केलें, त्याला पुन्हां माणूस करण्याचें काम स्मरणालाच करावें लागतें. सूड न घेतां आणि विसरूनही न जातां तें करतां येतें, हीच या लहानशा निळ्या ठिपक्याची थोरवी होय.