निवडणुकीची तक्रार : ग्रुपवर नको, 'सी-व्हिजिल'वर करा, मशीनची शंका केंद्रातच मांडा

अलिबाग : निवडणूक आली की गावागावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पैसे वाटल्याचे, मशीन बिघडल्याचे व्हिडिओ फिरतात. चार दिवस चर्चा होते, निकाल लागतो आणि विषय संपतो. ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ म्हणजे तक्रार नव्हे. तक्रार जागेवरून आणि वेळेत झाली, तरच तिचा उपयोग होतो.

एकेका मताची किंमत रायगडला चांगली ठाऊक आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांच्यावर अवघ्या २,११० मतांनी विजय मिळवला. त्या वेळी तटकरे यांच्याच नावाचा आणखी एक उमेदवार रिंगणात होता आणि त्याला नऊ हजारांवर मते पडली. अशा सारख्या नावांचा घोळ टळावा म्हणून २०१५ पासून मशीनवर उमेदवाराचा फोटोही असतो. बटण दाबण्याआधी नाव, फोटो आणि चिन्ह तिन्ही बघून घ्यावे.

सी-व्हिजिलवर तक्रार कशी करावी?

हे मोबाईल ॲप भारत निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आणले. पैसे, दारू, भेटवस्तूंचे वाटप, धमकी, विनापरवाना बॅनर, रात्री १० नंतरचे लाऊडस्पीकर अशा तक्रारी त्यावर करता येतात. मतदारांची फुकट ने-आण हाही गुन्ह्यासारखाच प्रकार. उमेदवाराच्या बाजूने गाडीच काय, होडी लावली तरी कायद्याने तो भ्रष्ट आचार ठरतो. स्वतःच्या पैशाने एसटीने, लाँचने गावी येणाऱ्या चाकरमान्यांना मात्र काही अडचण नाही.

१. मोबाईलचे लोकेशन चालू करून ॲप उघडा.
२. ॲपमधूनच फोटो किंवा २ मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढा. गॅलरीतला किंवा कुणी फॉरवर्ड केलेला व्हिडिओ चालत नाही.
३. तक्रारीचा प्रकार निवडा, थोडक्यात माहिती लिहा आणि ५ मिनिटांच्या आत पाठवा.

गावात सगळे ओळखीचे, वाकडेपणा कोण घेणार, असे वाटत असेल तर नाव न देताही तक्रार करता येते. मात्र मग पुढे काय झाले ते ॲपवर बघता येत नाही. मोबाईल नंबर दिला तर तक्रार क्रमांक मिळतो.

तक्रार पोचली की ५ मिनिटांत ती भरारी पथकाकडे जाते. पथकाने १५ मिनिटांत जागेवर पोचायचे, ३० मिनिटांत चौकशी करून अहवाल द्यायचा आणि पुढच्या ५० मिनिटांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा. म्हणजे एकूण १०० मिनिटे. खाडीकाठी किंवा डोंगराआड इंटरनेटला रेंज नसेल तर १९५० या नंबरवर फोन करावा.

मशीन कसे चालते?

मशीनचे तीन भाग असतात. केंद्राध्यक्षाच्या टेबलावर कंट्रोल युनिट, आडोशाला बॅलेट युनिट आणि त्याच्या शेजारी व्हीव्हीपॅट. बटण दाबले की व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते, मग ती कापली जाऊन आतल्या पेटीत पडते. ती चिठ्ठी बघितल्याशिवाय हलू नये.

चिठ्ठी दुसऱ्याच उमेदवाराची दिसली तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षाला सांगावे. लेखी प्रतिज्ञापत्र घेऊन सर्वांसमोर चाचणी मत टाकायला लावतात. तक्रार खरी निघाली तर त्या मशीनवरचे मतदान थांबते. खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते, म्हणून खात्री असेल तरच बोलावे. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेले असेल तर परत फिरू नये. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागावी. ते मत मशीनवर नाही, कागदावर होते.

पोलिंग एजंटांनी काय करावे?

मतदानाच्या ९० मिनिटे आधी किमान ५० मते टाकून अभिरूप मतदान होते. त्याला हजर राहावे. मतदान संपल्यावर एकूण मतांची नोंद असलेली १७-सी फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. मोजणीच्या दिवशी मशीनवरचा आकडा त्याच कागदाशी ताडून बघता येतो. शिवाय प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून मशीनशी जुळवतात.

ग्रामपंचायतीला काय?

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. सी-व्हिजिल हे लोकसभा-विधानसभेसाठीचे ॲप आहे. स्थानिक निवडणुकीची तक्रार तहसील कार्यालयात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.