कूपनलिका घेण्यापूर्वी...

अहिल्यानगर, प्रतिनिधी - उन्हाळ्याची चाहूल लागताच उपनगरांतील नव्या वसाहतींत बोअरच्या गाड्या दिसू लागतात. महापालिकेचे पाणी मुळा धरणातून येते. ते अपुरे पडले की घरमालक स्वतःच्या आवारात कूपनलिका घेण्याचा निर्णय घेतो. मात्र बोअर जितकी खोल तितके पाणी अधिक, हा समज येथे महागात पडतो.

जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते ते प्रामुख्याने मुरमाच्या थरात आणि भेगा-सांध्यांत. अखंड काळा पाषाण लागल्यानंतर आणखी शंभर फूट खाली गेल्यास भेग लागेलच, याची खात्री नसते. बिल मात्र फुटावर वाढत जाते. पाणाड्याचा नारळ फिरला तरी खडकाची रचना बदलत नाही. त्यापेक्षा शेजारच्या विहिरी-बोअरची खोली व मे महिन्यातील पातळी विचारून घेणे अधिक उपयुक्त ठरते.

सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर घेण्यास १९९३ च्या राज्य कायद्याने मनाई केली होती. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. त्यात शेती व उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट वा त्याहून खोल विहिरींना प्रतिबंध असून खोदाई यंत्रांच्या मालकांना नोंदणी बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांनुसार खोदाईच्या किमान १५ दिवस आधी प्रशासनास लेखी कळवावे लागते. खोदाईच्या जागी कुंपण व फलक, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा व तोंडाला पक्के झाकण आवश्यक आहे. पंप दुरुस्तीसाठी बाहेर काढला असतानाही बोअर उघडी ठेवता येत नाही. कोरडी बोअर तळापासून जमिनीपर्यंत बुजवावी लागते. मार्च २०२३ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे ऊसतोड मजुराचा पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडून दगावला. एका झाकणाचा खर्च तो किती!

खोदाई सुरू असताना मालकाने स्वतः उभे राहून उतरलेले रॉड मोजावेत. केसिंग कठीण खडकापर्यंत पोहोचले पाहिजे; अन्यथा माती ढासळते व वरचे सांडपाणी आत झिरपते. सबमर्सिबल पंप शेजाऱ्याचा पाहून घेऊ नये. बोअरला येणाऱ्या पाण्यापेक्षा पंपाचा उपसा अधिक असल्यास तो कोरडा चालून जळतो. कोरडा चालताच पंप बंद करणारे उपकरण स्टार्टरसोबत बसवून घ्यावे.

शहरापासून जवळच असलेल्या हिवरे बाजारने तर शेतीसाठी कूपनलिकाच बंद केल्या. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने आधी पाणलोटाची कामे केली, मग पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. तेथील सिंचन उघड्या विहिरींवर चालते. शहरातील घरमालकास एवढे करता येणार नाही. पण गच्चीवरील पावसाचे पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडणे त्याच्या हाती आहे.