कचरा डेपो कुठे होणार हे कोण ठरवतं? वाढत्या गावांसाठी घनकचरा नियोजनाची प्राथमिक माहिती

तालुक्याच्या गावाची नगरपंचायत झाली की दोन-तीन वर्षांत काही बदल हमखास दिसतात. चौकात कमान उभी राहते, दारात घंटागाडी येऊ लागते आणि गावाबाहेर एका ठिकाणाहून कायम धूर निघू लागतो. महाराष्ट्रात २०१४-१५ च्या सुमारास तालुका मुख्यालयाच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. गावं वाढली, प्लॉटिंग वाढलं, कचरा वाढला. पण तो टाकायचा कुठे याचं नियोजन बहुतेक ठिकाणी झालं नाही. जागा 'सापडली', आणि ती कुठे सापडली हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायची गरज नाही. बौद्धवाड्याच्या मागे, मातंग वस्तीच्या पुढे, पारधी पालांशेजारी किंवा आपले लोक कसत असलेल्या गायरानावर.

हा लेख माहितीसाठी आहे. कचऱ्याचं नियोजन कसं होतं, शास्त्रीय लँडफिल म्हणजे काय, कायदा काय सांगतो आणि कार्यकर्त्याने कोणत्या टप्प्यावर हात घालायचा, एवढंच यात आहे. आंदोलन कसं करावं हे आपल्याला माहीत असतं. कागद कसा वाचावा तिथे आपण कमी पडतो, असा माझा कामातला अनुभव आहे.

डंपिंग आणि लँडफिल एक नव्हे

आपण सगळे 'कचरा डेपो' हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे मोठा घोटाळा होतो. उघड्यावर कचरा ओतणं म्हणजे डंपिंग. ओला कचरा ढिगाऱ्याखाली हवा न लागता कुजतो, त्यातून मिथेन वायू तयार होतो आणि उन्हाळ्यात आग लागते. पावसाचं पाणी ढिगाऱ्यातून झिरपून काळं, विषारी पाणी तयार होतं. त्याला लीचेट म्हणतात. ते जमिनीत मुरतं आणि विहिरी, बोअरवेलपर्यंत पोहोचतं. मुंबईचं देवनार डंपिंग ग्राउंड १९२७ पासून चालू आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर दूरवर पसरला तेव्हा कुठे इतर मुंबईकरांना देवनार आठवलं. त्या डंपिंगच्या कुशीत वसलेल्या एम-पूर्व विभागाचा मानव विकास निर्देशांक २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व २४ वॉर्डांमध्ये सर्वात खाली होता.

लँडफिल ही बांधलेली रचना असते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये तिचे निकष दिले होते. तळाशी ९० सेंटिमीटर जाडीचा, पाणी जवळपास न झिरपणारा चिकणमातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर, लीचेट गोळा करण्यासाठी नळ्या आणि त्यावर प्रक्रिया करण्याची सोय. तळाच्या मातीखाली भूजल किमान दोन मीटर खोल हवं. रोज टाकलेल्या कचऱ्यावर किमान १० सेंटिमीटर मातीचं किंवा तत्सम आच्छादन टाकायचं आणि पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटरचा थर द्यायचा. वायू बाहेर काढण्याची व्यवस्था करायची. जागा भरली की वरून बंद करायची आणि त्यानंतर किमान १५ वर्षं तिथल्या पाण्याची आणि वायूची तपासणी चालू ठेवायची.

आणखी महत्त्वाचं म्हणजे या नियमांनुसार लँडफिलमध्ये सगळा कचरा जातच नाही. ज्याचं खत होत नाही, जो विकला जात नाही, जाळून ऊर्जेसाठी वापरता येत नाही, असा उरलेला निष्क्रिय कचरा आणि प्रक्रियेनंतरचे अवशेष तेवढे तिथे जायला हवेत. म्हणजे जिथे घंटागाडी ओला-सुका एकत्र आणून ओतते तिथे फलकावर काहीही लिहिलेलं असो, ते डंपिंगच आहे.

किती जागा लागते? हिशेब स्वतः करून पाहा

मुख्याधिकारी म्हणतात १५ एकर लागतात, विरोधक म्हणतात एक गुंठाही देणार नाही. दोघांनीही हिशेब केलेला नसतो. तो अवघड नाही.

आज ३०,००० लोकसंख्या असलेलं गाव धरू. लहान शहरात माणशी रोज साधारण २०० ते ३०० ग्रॅम कचरा होतो असं मानतात. ३०० धरले तर रोज ९ टन. वीस वर्षांनी लोकसंख्या ५०,००० झाली आणि राहणीमान बदलून माणशी कचरा ३७५ ग्रॅम झाला तर रोज पावणेएकोणीस टन. सरासरी १४ टन धरली तर वीस वर्षांत एक लाख टनांहून थोडा जास्त कचरा जमतो. दाबून भरलेल्या कचऱ्याचं वजन घनमीटरला सुमारे ०.८५ टन धरलं तर १ लाख २० हजार घनमीटर जागा व्यापते. ढिगाची सरासरी उंची पाच मीटर ठेवली तर २४,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास सहा एकर.

आता हाच हिशेब वर्गीकरण करून मांडा. ओल्या कचऱ्याचं खत झालं, सुका विकला गेला आणि फक्त पाचवा हिस्सा लँडफिलला आला, तर त्याच उंचीला सव्वा एकर पुरतो. रस्ता, वजनकाटा, लीचेटची टाकी, खताचे ढीग, झाडांचा पट्टा यांची जागा दोन्हीत वेगळी धरावी लागेल. पण सहा आणि सव्वा यातला जो फरक आहे ती कोणाची तरी जमीन आहे. म्हणून वर्गीकरण हा 'स्वच्छतेचा संस्कार' नसून जमिनीचा प्रश्न आहे, असं मी तरुणांना नेहमी सांगते.

जागा किमान २० ते २५ वर्षं पुरेल एवढी असावी, असं २०१६ चे नियम सांगत होते. त्यामुळे प्रकल्प अहवालात लोकसंख्येचा कोणता आकडा धरलाय हे आधी पाहा. २०११ ची जनगणना तशीच उचलली असेल तर पाच-सात वर्षांत शेजारचा प्लॉटही मागितला जाणार हे नक्की समजा. पुण्याजवळच्या उरुळी देवाचीत हेच झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ४३ एकरांवर सुरू झालेला डेपो पुढे फुरसुंगीच्या बाजूला वाढत सुमारे १६३ एकरांचा झाला. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं गाड्या अडवल्या, विहिरींचं पाणी खराब झाल्याचं दाखवून दिलं.

जागा निवडीचे निकष

२०१६ च्या नियमांत दिलेली अंतरं अशी होती: नदीपासून १०० मीटर. तळं, महामार्ग, वस्ती, सार्वजनिक उद्यान आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर. विमानतळापासून २० किलोमीटर (विशेष बाब म्हणून परवानगी घेऊन १० ते २० च्या दरम्यान). गेल्या १०० वर्षांच्या नोंदीतलं पूरक्षेत्र, सीआरझेड, पाणथळ जागा चालत नव्हत्या. शिवाय रोज पाच टनांहून मोठ्या प्रक्रिया किंवा विल्हेवाट केंद्राभोवती बांधकामविरहित पट्टा ठेवावा लागत होता. तो किती, हे स्थानिक संस्थेने प्रदूषण नियंत्रण मंडळाशी सल्लामसलत करून ठरवायचं होतं.

वस्तीपासून २०० मीटर हे अंतर फार नाही, हे कोणीही वासावरून सांगेल. पण तेवढंही पाळलं जात नाही, आणि त्यामागे एक युक्ती असते. आपली वस्ती कागदावर 'वस्ती' नसते. गायरानावरची घरं, पालं, झोपड्या यांची नोंद 'अतिक्रमण' म्हणून असते, आणि मोजणी गावठाणाच्या हद्दीपासून होते. म्हणून नमुना आठचा उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल, अंगणवाडीची नोंद, मतदारयादी हे सगळं आधी गोळा करून ठेवा. डेपोची बातमी आल्यावर पळापळ करून उपयोग होत नाही.

गायरान का निवडलं जातं? कारण ती शासनाची जमीन, भूसंपादनाचा खर्च नाही, आणि कसणाऱ्याकडे सातबारा नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी ज्यासाठी तुरुंग भरले, त्याच जमिनी या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ साली झाला, तरी असंख्य प्रकरणं अजून पडून आहेत. डेपोच्या प्रस्तावात त्या गटावर कोणाचा दावा प्रलंबित आहे का, हे तहसील कार्यालयातून लेखी काढून घ्या.

कुठे आणि कधी बोलायचं

पहिली संधी विकास आराखड्याची. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात, आणि घनकचऱ्याचं आरक्षण त्यात दाखवलेलं असतं. नकाशावर तो एक लहानसा रंगीत चौकोन असतो. बांधकाम व्यावसायिक आराखडा पहिल्या दिवशी बघतात, आपण तो पाच वर्षांनी बघतो.

दुसरी संधी पर्यावरण मंजुरीची. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत सामायिक घनकचरा प्रकल्पांचा समावेश आहे. जिथे जनसुनावणी लागते तिथे किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. सुनावणीत नोंदवलेलं म्हणणं इतिवृत्तात येतं आणि पुढे न्यायालयात उपयोगी पडतं. घोषणा इतिवृत्तात येत नाहीत. 'भूजल किती खोल आहे, कोणत्या महिन्यात मोजलं?' हा एक प्रश्न दहा घोषणांपेक्षा जड असतो. उन्हाळ्यात मोजलेली पातळी दाखवून पावसाळ्यातली लपवता येते, म्हणून महिना विचारायचा.

न्यायालयांनी या विषयात कडक भूमिका घेतलेली आहे. अलमित्रा पटेल यांच्या १९९६ च्या याचिकेतून २००० सालचे पहिले नियम आले. कचऱ्यावर प्रक्रिया नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत आणि २०१६ मध्ये मुंबईत नव्या बांधकामांना रोखलं होतं.

अॅट्रॉसिटी कायद्याबद्दलही तरुण विचारतात. दलित-आदिवासींच्या शेजारात अपमान किंवा त्रास देण्याच्या हेतूने कचरा, घाण टाकणं हा गुन्हा आहे. पण त्यात हेतू सिद्ध करावा लागतो, आणि ठराव करून टाकलेल्या डेपोत तो सिद्ध करणं कठीण. एखाद्याने वस्तीच्या तोंडाशी ट्रॉली रिकामी केली तर हे कलम वापराच. डेपो हटवण्यासाठी मात्र वरचे नियम अधिक कामाचे.

जे काम करतात त्यांचं काय

कचऱ्यावर बोलताना आपण दोन टोकांना जातो. एकीकडे महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून घाणीची कामं सोडण्याचा संदेश आपल्याकडे आहे, आणि तो योग्यच आहे. दुसरीकडे शहरात कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य आजही दलित स्त्रिया आहेत. काम सोडा म्हणणं सोपं, पण डेपो बंद झाला तर संध्याकाळची चूल कशी पेटणार हे त्यांना विचारायला हवं.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ओळखपत्र, भंगाराचा भाव, मुलांचं शिक्षण यावर लढता लढता २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उकिरड्यात हात घालणारी बाई दारात येऊन सेवाशुल्क मागू लागली. करार टिकवण्यासाठी मात्र या बायकांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. २०१६ च्या नियमांत कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन व्यवस्थेत सामावून घेणं ही स्थानिक संस्थेची जबाबदारी होती. तुमच्या नगरपंचायतीच्या घंटागाडीच्या निविदेत याबद्दल एक ओळ तरी आहे का, पाहा.

लहान गावात हे जमतं का? सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने जमवून दाखवलं. बारा हजारांच्या आसपास लोकसंख्येच्या या नगरपरिषदेत रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरातच कचरा वेगळा करायला लावला. जुन्या डंपिंगच्या जागी खत, बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करण्याचं यंत्र आलं, आणि लोक ती जागा बघायला येऊ लागले.

एक कबुली

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका वाढत्या गावात बौद्धवाड्यालगतच्या डंपिंगविरोधात आम्ही दीड वर्ष लढलो. निवेदनं, उपोषण, रास्ता रोको, सगळं केलं. शेवटी डंपिंग हललं. बुद्धविहारात सत्कार झाला, मीही शाल घेतली. चार महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या रस्त्याने जाताना कळलं की गाड्या आता तीन किलोमीटर पुढे, पारधी कुटुंबांच्या घरांजवळ रिकाम्या होतात. आमच्या एकाही निवेदनात कचरा वेगळा करण्याची मागणी नव्हती. 'इथून हलवा' एवढंच आम्ही लिहिलं होतं, आणि प्रशासनाने अक्षरशः तेवढंच केलं.

त्यानंतर मी निवेदनाचा मसुदा बदलला. आता त्यात असतं: प्रभागनिहाय वर्गीकरण कधीपासून, ओल्या कचऱ्याचं खत कुठे, किती टनांचं, जुन्या ढिगाचं बायोमायनिंग, म्हणजे माती, प्लास्टिक, दगड चाळून वेगळे करणं, कोणत्या महिन्यात सुरू होणार, आणि नवी जागा असेल तर तिच्या २०० मीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक घराची यादी, मग ते घर कोणत्याही समाजाचं असो. जुन्या साठ्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात निधीची तरतूदही आहे, त्यामुळे 'पैसे नाहीत' हे उत्तर लेखी मागा.

पाच लाखांखालच्या गावांसाठी २०१६ च्या नियमांनी सामायिक, म्हणजे अनेक गावांचं मिळून एक लँडफिल सुचवलं होतं. खर्चाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण मग चार गावांचा कचरा एका गावच्या शिवारात येतो, आणि त्या शिवारात तो कोणाच्या दारात येणार हे पहिल्याच बैठकीत ठरतं. त्या बैठकीची तारीख तुमच्या तालुक्यात कदाचित ठरलेलीही असेल. नगरपंचायतीत जाऊन सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेची प्रत मागा.