पावसाळी रानवाटांवरचे छायाचित्रण : सडे, धबधबे आणि घाटमाथा

मृगाच्या सरी कोसळल्या की गोव्याच्या पूर्वेकडील डोंगररांगा आठवड्याभरात रूप पालटतात. उन्हाने काळाठिक्कर पडलेला जांभा हिरवा होतो, कोरड्या घळींतून ओहोळ धावू लागतात आणि सत्तरी, धारबांदोडा, सांगे व काणकोण या तालुक्यांतील रानवाटांवर दर रविवारी माणसांची रीघ लागते. यातील बहुतेकांच्या हाती आज कॅमेरा किंवा चांगला मोबाईल असतो. जून ते ऑक्टोबर या काळात काय आणि कसे टिपावे, कोणते नियम पाळावे आणि टिपलेल्या चित्राचा पुढे काय उपयोग होऊ शकतो, याची माहिती येथे एकत्रित देत आहोत.

ओसाड दिसणारा सडा

जांभ्या दगडाच्या विस्तीर्ण, सपाट माथ्याला कोकणात व गोव्यात सडा म्हणतात. सड्यावरचा मातीचा थर अतिशय पातळ असतो; बऱ्याच ठिकाणी तो बोटभरही नसतो. त्यामुळे मोठी झाडे तेथे मूळ धरत नाहीत. पावसाचे काही पाणी उथळ खळग्यांत साचते, तर काही जांभ्याच्या सच्छिद्र थरांतून झिरपून पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. या मातीत नत्र फार थोडे असल्याने येथील वनस्पतींनी जगण्याच्या निराळ्या तऱ्हा शोधल्या आहेत. ‘सीतेची आसवे’ या नाजूक नावाने ओळखली जाणारी जांभळी-निळी फुले कीटकभक्षी वनस्पतीची आहेत. ओल्या मातीत दडलेल्या तिच्या सूक्ष्म पिशव्या सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात भक्ष्य आत ओढतात. दवबिंदू ही तिची शेजारीण पानांवरील चिकट थेंबांनी किडे धरते.

पावसाळा सरला की ही सारी सृष्टी बिया, कंद आणि गड्ड्यांच्या रूपाने जमिनीत दडी मारते. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला तेथे केवळ दगड दिसतो. झाडे नसल्यामुळे सडा जंगलाच्या रूढ कल्पनेतही बसत नाही. म्हणूनच एखाद्या मोठ्या प्रकल्पासाठी जागेचा शोध सुरू झाला की नजर सड्याकडे सहज वळते. पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर आज मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. विमानतळ हवा की नको हा वाद येथे नाही. मात्र सड्यावर काय होते, हे नंतर सांगायचे तर त्याची आधीची नोंद असावी लागते. ऑगस्टमध्ये सड्यावर काढलेले छायाचित्र मे महिन्यातील पाहणीला न दिसलेली गोष्ट दाखवते, हे त्याचे खरे मोल आहे.

महिन्यागणिक फुलोरा

हंगामाची चाहूल पाऊस पडण्याआधीच लागते. मे अखेरीस व जूनमध्ये झाडांच्या फांद्यांवर ‘सीतेची वेणी’ या ऑर्किडचे गुलाबी-पांढरे घोस लोंबू लागतात. पहिल्या पावसाबरोबर जमिनीलगत काळ्या मुसळीची पिवळी चांदणी उमलते. पाठोपाठ पांढरी मुसळी, दीपकाडी आणि रानहळद येतात. दीपकाडीच्या एका जातीला २००९ साली गोव्याचेच नाव देण्यात आले.

जुलै हा मुसळधार पावसाचा महिना. फुलांपेक्षा नेचे, शेवाळ, भूछत्रे व बेडूक यांचे विषय या दिवसांत अधिक मिळतात. ऑगस्ट आणि सप्टेंबर हा सड्याचा ऐन बहर. सीतेची आसवे, गेंदाचे पांढरे गोंडे, तेरड्याचा गुलाबी विस्तार, कावळ्याची पिवळी फुले आणि कुंपणांवर चढणारी लाल-पिवळी कळलावी याच दिवसांत दिसते. चतुर्थीच्या माटोळीला लागणारी कांगले, माट्टी व इतर रानफळे शोधणारी माणसेही याच सुमारास रानात असतात. कोणती वनस्पती कोणत्या उतारावर कधी येते याचे ज्ञान त्यांच्याजवळ असते. छायाचित्रकाराने त्यांच्याशी चार शब्द बोलावे आणि वनस्पतीचे स्थानिक नाव टिपून घ्यावे. ऑक्टोबरमध्ये गवते पिकतात, आकाश निवळते आणि दूरचे डोंगर स्पष्ट दिसू लागतात.

कारवीचा हिशेब मात्र महिन्यांत मांडता येत नाही. ती सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते, बी धरते आणि मरते. तो बहर चुकला तर पुढच्यासाठी तितकीच वर्षे थांबावे लागते.

रानफूल टिपताना

सड्यावरची बहुतेक फुले नखाएवढी असतात. उभ्याने, वरून काढलेल्या चित्रात ती हिरव्या गालिच्यावरील ठिपक्यांसारखी दिसतात. कॅमेरा फुलाच्या पातळीवर आणला तरच देठ, पाकळ्यांची घडण आणि मागचा सडा एका चित्रात येतो. मोबाईल उलटा धरल्यास त्याचे भिंग जमिनीच्या अधिक जवळ जाते. ढगाळ हवेतील मऊ प्रकाश फुलांना मानवतो. त्यात रंग फिके पडत नाहीत आणि सावल्याही कठोर उमटत नाहीत. खरी अडचण वाऱ्याची असते. त्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० भागाच्या आसपास ठेवावा आणि दोन झुळकांमधील क्षण साधावा. सकाळी लवकर वारा कमी असतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न पाय कोठे ठेवायचा हा आहे. पातळ मातीवर पडलेले पाऊल केवळ त्या वर्षीचे फूल चिरडत नाही. मातीच घसरते, आणि बी रुजण्याची जागा नाहीशी होते. उघड्या दगडावरून किंवा मळलेल्या वाटेवरून चालावे, गुडघा टेकण्यापूर्वी खाली पाहावे आणि समूहाने एकाच फुलाभोवती कोंडाळे करू नये. आड येणारे गवत उपटू नये, ते हलकेच बाजूला धरावे. फूल तोडून दुसऱ्या जागी मांडून काढलेले छायाचित्र निसर्गाची नोंद ठरत नाही.

साताऱ्याजवळील कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातील अन्य स्थळांसह जागतिक वारसा यादीत गेले. तेथे हंगामात आगाऊ नोंदणी आणि दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घालावी लागली. गोव्यातील बहुतेक सड्यांवर ना कुंपण आहे ना तिकीट. तेथील संयम पाहणाऱ्यानेच पाळायचा आहे.

धबधबे : पाणी, प्रकाश आणि धोका

गोव्यातील धबधब्यांत मांडवीच्या खोऱ्यातील दूधसागर सर्वांत प्रसिद्ध. चार टप्प्यांत सुमारे ३१० मीटर कोसळणारा हा प्रवाह भगवान महावीर अभयारण्यात आहे. सत्तरीत हिवरे व चरावणे, सांगे तालुक्यात नेत्रावळीचे सावरी व मैनापी, काणकोणात खोतीगावच्या रानातील कुस्के हे भटक्यांच्या परिचयाचे. साखळीजवळचा अरवले धबधबा रस्त्यालगत असल्याने ज्येष्ठांना व मुलांनाही सहज पाहता येतो.

पाण्याच्या धारा रेशमासारख्या दिसाव्यात असे वाटत असेल तर तिपाई लावून शटर पाव ते एक सेकंद उघडे ठेवावे. पाण्याचा जोर दाखवायचा असेल तर १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर हवे. पावसाळ्यात भरून वाहणारा प्रवाह फार वेळ टिपला की त्याचा नुसता पांढरा पट्टा होतो. अशा वेळी मधला वेग बरा. काळ्या कातळावर शुभ्र पाणी असल्यास कॅमेरा चित्र उजळवू पाहतो आणि पाण्यातील बारकावे पुसले जातात. म्हणून उजेडाची मात्रा थोडी उणे करावी. ध्रुवीकरण करणारा फिल्टर लावल्यास ओल्या दगडावरील व पानांवरील चकाकी कमी होते. इंद्रधनुष्य हवे असेल तर सूर्य पाठीशी हवा.

धबधब्याजवळ मृत्यू येतो तो बहुधा शेवाळलेल्या कातळामुळे किंवा अचानक वाढलेल्या पाण्यामुळे. खाली ऊन असतानाही घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो, आणि तो लोंढा काही मिनिटांत खाली पोहोचतो. पाणी गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा व काटक्या वाहत येणे आणि आवाज बदलणे या तीन खुणा दिसताच तिपाई उचलून वर निघावे. जुलै २०२३ मध्ये मैनापी येथे दोघांना बुडून मृत्यू आल्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. पावसाळ्यात प्रशासनाचे आदेश परिस्थितीनुसार बदलतात. निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत. रेल्वेरुळांवरून दूधसागरला चालत जाणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पावसाळ्यात दूधसागर गाडीच्या खिडकीतूनही उत्तम टिपता येतो. त्यासाठी वेगवान शटर ठेवावे आणि दारात लोंबकळू नये.

घाटमाथ्यावरची दृश्ये

पणजी–बेळगाव मार्गावरील चोर्ला घाट समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या सीमा या परिसरात एकत्र येतात. ऑगस्टमध्ये येथे तासन् तास धुके असते. धुक्याला कंटाळून परतणाऱ्यांना बहुधा काही मिळत नाही. पाऊस थांबल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे महत्त्वाची असतात; दऱ्यांतून वाफ उठते आणि एकामागे एक डोंगररांगा करड्या छटांत सुट्या होतात. अशा वेळी चौकटीत जवळचे एखादे झाड, कातळ किंवा वाट घेतली तर खोलीची जाणीव येते. धुके चौकटभर असल्यास कॅमेरा चित्र काळवंडवतो. तेथे धबधब्याच्या उलट, उजेडाची मात्रा थोडी वाढवावी.

सह्याद्रीचे गोव्याकडील कडे पश्चिमेला तोंड करून आहेत. त्यामुळे निरभ्र दिवशी सकाळी ते सावलीत असतात आणि दुपारनंतर उजळतात. ऑक्टोबरमधील तिसरा प्रहर कड्यांसाठी सर्वोत्तम. मात्र जंगलात अंधार लवकर पडतो, म्हणून परतीचा वेळ आधीच हिशेबात धरावा.

दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. कॅमेरा परत आल्यावर पुसून, कोरडा करून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा. वातानुकूलित गाडीतून बाहेर काढताच भिंगावर दव जमते. तो पिशवीतच काही वेळ राहू द्यावा.

कायदा काय सांगतो

म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली घोषित झाली. त्यांचे क्षेत्रफळ अनुक्रमे २०८.४८ व २११.०५ चौरस किलोमीटर आहे. खोतीगाव अभयारण्य १९६८ सालचे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशाचा परवाना ज्या कारणांसाठी देता येतो, त्यांत छायाचित्रणाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला एक अट जोडली : अधिवासात बदल न करता आणि त्याला वा वन्यजीवांना बाधा न पोहोचवता हे छायाचित्रण व्हावे. कलम २९ परवानगीविना अभयारण्यातून वन्यजीव हलविण्यास व अधिवासाची हानी करण्यास मनाई करते, आणि तिच्या कक्षेत वनस्पतीही येतात. ऑर्किडचे रोप घरी आणणे त्यामुळे निरुपद्रवी छंद ठरत नाही. पूर्वपरवानगीविना ड्रोन उडवू नये. अनेक सडे मात्र अभयारण्यांच्या सीमेबाहेर आहेत, आणि तेथे या तरतुदींचे संरक्षण मिळत नाही.

छायाचित्र नोंद कधी ठरते

कॅमेऱ्यातील तारीख व वेळ बरोबर असली पाहिजे. एका वनस्पतीची निदान चार चित्रे घ्यावीत : आजूबाजूच्या जागेसह संपूर्ण रोप, फूल समोरून, फूल बाजूने आणि पान व देठ. शेजारी नाणे ठेवल्यास आकार कळतो. मूळ फाईल जपून ठेवावी, कारण संदेशांच्या ॲपमधून पाठवलेल्या चित्रातून तारीख व स्थळाची माहिती बहुधा गळून जाते. ‘आयनॅचरलिस्ट’ आणि ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ यांवर अशी चित्रे चढवली तर जाणकार ओळख पटवण्यास मदत करतात आणि नोंद अभ्यासकांना उपलब्ध होते.

येथे एक पेच उभा राहतो. नेमके स्थळ दिल्याशिवाय नोंदीला वजन येत नाही, आणि तेच स्थळ समाजमाध्यमांवर जाहीर केले की पुढच्या रविवारी तेथे गर्दी उसळते. दुर्मीळ ऑर्किडच्या बाबतीत तर रोपच उपटून नेले जाण्याची भीती असते. त्यावर उपाय साधा आहे. अचूक स्थळ स्वतःच्या वहीत व अभ्यासकांसाठी ठेवावे आणि लोकांसमोर केवळ तालुक्याचे नाव द्यावे. ‘आयनॅचरलिस्ट’वर स्थान धूसर करून दाखवण्याची सोय आहे.

अशा नोंदींचे महत्त्व मोलेच्या बाबतीत गोव्याने अनुभवले आहे. रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० पासून उभ्या राहिलेल्या चळवळीत मोलेच्या रानातील वनस्पती, कीटक व प्राणी यांची चित्रे आणि छायाचित्रे घरोघरी पोहोचली. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. न्यायालयापुढे अर्थातच तज्ज्ञांचे अहवाल आणि कायद्याचे मुद्दे होते. पण त्या रानात काय आहे हे न पाहिलेल्या गोमंतकीयांना ते छायाचित्रांमुळे कळले.

घराजवळचा एखादा सडा निवडावा, तेथील एक खूण पक्की करावी आणि त्याच जागेवरून, त्याच दिशेने वर्षातून दोनदा छायाचित्र काढावे : एक मे महिन्यात, दुसरे चतुर्थीच्या सुमारास. पाच वर्षांची ही दहा चित्रे तारखांसह एकत्र ठेवली, तर ग्रामसभेत किंवा सुनावणीत त्या जागेला ‘पडीक’ म्हटले जाईल तेव्हा दाखवायला काहीतरी हाती असेल.