हप्त्याहप्त्याने आलेली गोधडी

१९१६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने आपल्या वाचकांपुढे एक नवी मालिका ठेवली. कादंबरी प्रकरणाप्रकरणाने छापायची आणि वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहावयास लावायची, ही युक्ती पाश्चात्त्य वृत्तपत्रांत तोवर पुरती जुनी झाली होती. ‘स्टार’ने तीच युक्ती एका निराळ्याच जिनसेला लावली. त्याने गोधडी छापली. एका वेळी एक चौकोन आणि त्यात एका प्राण्याची रेखाकृती. ती कापडावर उतरवून घ्यावी, रेघेवर रंगीत दोऱ्याने टाके घालावेत, चौकोन जपून ठेवावा आणि पुढच्याची वाट पाहावी. सारे चौकोन हाती आले की ते जोडून लहान मुलाच्या बिछान्यावरचे पांघरूण तयार होई.

या चित्रांची कर्ती रूबी शॉर्ट ही त्या वेळी पंचविशीतली तरुणी होती. न्यूयॉर्क येथे चित्रकलेचे शिक्षण घेऊन ती मिसुरीतील इंडिपेंडन्स या आपल्या गावी परतली होती. थॉर्न्टन बर्जेस या लेखकाच्या प्राणिकथा त्या काळी अमेरिकेतील मुलांच्या तोंडी होत्या. त्यांतलीच पात्रे तिने घेतली. मात्र ती तिने गोल, गुबगुबीत अशी काढली नाहीत. ससा काय नि कोल्हा काय, सारे सरळ रेघांत आणि कोनांत बसविले. सरळ रेघेवर टाका घालणे लहान हातांना सोपे जाते, ही गोष्ट या चित्रकर्तीने हेरली असावी. पुढच्याच वर्षी तिचा आर्थर मॅकिम यांच्याशी विवाह झाला, आणि पतिपत्नींनी मिळून अशा नमुन्यांचा एक व्यवसायच उभा केला. पक्षी, फुले, शेतावरचे जीवन, अमेरिकेतील राज्ये अशा विषयांवरच्या तिच्या गोधड्या पुढे देशभरच्या वृत्तपत्रांतून हप्त्याहप्त्याने येत राहिल्या.

‘क्विल्ट’ या वस्तूला गोधडी म्हणताना एक फरक ध्यानी ठेवला पाहिजे. आपली गोधडी किंवा वाकळ जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून, कडेपासून आत आत धावदोरा घालीत शिवली जाते. तिचा नमुना शिवणारणीच्या हातात असतो, कागदावर नसतो. अमेरिकन क्विल्टची तीन अंगे असतात. वरचा थर तुकडे जोडून किंवा कापडावर कापड लावून केलेला, मध्ये कापसाची गादी, खाली अस्तर. आणि हे तीनही थर एकत्र बांधणारे बारीक टाके. वरचा थर एकटीने आपल्या घरी, दिव्याच्या उजेडात करता येतो. टाके घालण्याचे काम मात्र मोठे. त्यासाठी गोधडी लाकडी चौकटीवर ताणावी लागते, आणि चौकटीभोवती सातआठ जणी बसल्या तर महिन्याचे काम दिवसात होते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन खेड्यांतल्या स्त्रियांच्या त्या प्रसिद्ध बैठका या गरजेतून जन्मल्या. नमुने तिथेच एकीच्या हातून दुसरीच्या हाती जात. ‘अस्वलाचा पंजा’, ‘उडती बदके’ अशी त्यांची नावे असत, आणि डोंगर ओलांडला की त्याच नमुन्याला दुसरे नाव मिळे.

छापील नमुनाही तसा नवा नव्हता. ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने १८३५ सालीच मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी तुकड्यांचा नमुना दिला होता. शतकाच्या अखेरीस सेंट लुइसची एक कंपनी टपालाने शेकडो नमुने विकू लागली. १९११ मध्ये मेरी वेब्स्टर या इंडियाना राज्यातील बाईंच्या गोधड्या ‘लेडीज होम जर्नल’ने रंगीत छापल्या, आणि १९१५ मध्ये त्याच बाईंनी गोधडीच्या इतिहासाचे पहिले पुस्तक लिहिले. पण मासिकातला नमुना एकदाच येई आणि पूर्ण येई. वृत्तपत्राने त्याचे तुकडे केले, आणि त्या तुकड्यांमधल्या दिवसांत जे घडले त्यातच या प्रकरणाचा खरा इतिहास आहे.

वृत्तपत्राचा हेतू निरपेक्ष नव्हता, हे सांगावयास नको. एक अंक चुकला तर गोधडीला भोक पडणार, ही भीती खपाला फार उपकारक होती. १९२८ पासून ‘स्टार’ने तुकडेजोडीचे नमुने नियमित छापण्यास प्रारंभ केला. त्याच सुमारास ‘नॅन्सी पेज’ या नावाचे सदर अनेक वृत्तपत्रांतून एकाच वेळी येऊ लागले. नॅन्सी पेज नावाची बाई कोणी नव्हतीच. फ्लोरेन्स लागँके या गृहशास्त्राच्या जाणकार बाई त्या नावाआडून लिहीत. त्यांनी नॅन्सीभोवती गोधडी शिवणाऱ्या मैत्रिणींचे एक मंडळ कल्पिले. मंडळ जमते, नॅन्सी नवा चौकोन दाखवते, कोणी रंगाविषयी शंका काढते, कोणी मागच्या चौकोनाची तक्रार करते, आणि या बोलण्याबोलण्यातून वाचणारीला कृती समजते. कॅन्सस किंवा नेब्रास्कातील ज्या शेतावरून शेजारणीचे छप्परही दिसत नसे, तेथली स्त्री हा मजकूर वाचताना त्या काल्पनिक बैठकीतली एक होऊन बसे.

या टोपणनावांचे त्या काळी पेवच फुटले होते. ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये १९३३ पासून येणारी ‘नॅन्सी कॅबट’ हीसुद्धा एका निराळ्याच बाईची लेखणी होती, आणि ‘लॉरा व्हीलर’ व ‘ॲलिस ब्रुक्स’ या दोघी न्यूयॉर्कच्या एका टपाल-व्यवसायाने निर्माण केलेल्या. ‘आजीच्या हातचा नमुना’ म्हणून जो छापला जाई तो पुष्कळदा आदल्या महिन्यात कार्यालयातील मेजावर जन्मलेला असे. नव्याला जुनेपणाचा मुलामा देण्याचा हा उद्योग इतिहासकाराला डोकेदुखीचा ठरला. पुढे कित्येक वर्षे हे नमुने वसाहतकाळातले म्हणून सांगितले जात होते.

प्रत्यक्ष काम मात्र खोटे नव्हते. वृत्तपत्रातून आकृती कापावयाची, ती पुठ्ठ्यावर चिकटवून साचा करावयाचा, साच्याभोवती कापडावर पेन्सिलीने रेघ ओढावयाची आणि पाव इंच शिवण राखून तुकडा कापावयाचा. छपाईत आकृतीच्या मापात किंचित फरक पडे, कागद दमट हवेत फुगे, पुठ्ठ्याची कड वापरून झिजे. एका शिवणीत इंचाचा सोळावा हिस्सा चुकला तर ते डोळ्यांना दिसत नाही. पण ओळीत सोळा शिवणी असतील तर पुरा इंच जातो, आणि शेजारच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत. हप्त्याच्या गोधडीत हे संकट दुप्पट. पहिला चौकोन शिवताना शेवटचा पाहिलेलाच नसतो, आणि चौकोन कसे मांडावयाचे, मधली पट्टी कोणत्या रंगाची, किनार कशी, हा उलगडा सामान्यतः अखेरीस होई. महिनोन्‌महिने हजारो स्त्रिया एकाच वस्तूचे समान तुकडे करीत होत्या, आणि त्यांतल्या कोणा दोघींची गोधडी सारखी होत नव्हती. एकीजवळ विकत आणलेले सुती कापड, दुसरीजवळ धान्याच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशव्या उसवून धुतलेले कापड. मंदीच्या काळात गिरणीवाल्यांनी या पिशव्याच फुलाफुलांच्या छापाच्या काढल्या, इतका त्यांचा उपयोग घरोघर होत होता.

मंदी हा या कथेतील निर्णायक भाग आहे. १९३३ साली अमेरिकेत काम करू शकणाऱ्या चार माणसांपैकी एक बेकार होता. त्याच वर्षी शिकागो येथे ‘प्रगतीचे शतक’ या नावाने जागतिक प्रदर्शन भरले, आणि सिअर्स-रोबक या बड्या व्यापारी संस्थेने त्यानिमित्त गोधड्यांची राष्ट्रीय स्पर्धा पुकारली. पहिले बक्षीस १,००० डॉलर. अनेक कुटुंबांची तेव्हाची वर्षाची मिळकतही तेवढी नव्हती. गोधडी प्रदर्शनाच्या विषयावर रचलेली असून पहिली आली तर आणखी २०० डॉलर. जानेवारीत घोषणा झाली आणि मेच्या मध्यापर्यंत गोधडी द्यावयाची होती. चार महिन्यांत सुमारे २४ हजार गोधड्या आल्या. स्थानिक दुकानांतून, मग विभागांतून चाळणी लागत अखेर ३० उरल्या, आणि त्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या. नवा विषय घेऊन आगगाड्या, विमाने, गगनचुंबी इमारती कापडात उतरवणाऱ्या स्त्रियांनी मोठी आशा धरली होती. पहिले बक्षीस गेले ते जुन्या वळणाच्या, ताऱ्यांच्या नमुन्याच्या, अतिशय बारीक टाक्यांच्या एका हिरव्या गोधडीला. जादा २०० डॉलर कोणालाच मिळाले नाहीत, आणि हिरमुसलेल्या स्पर्धकांनी तक्रारी केल्या.

त्या हिरव्या गोधडीची हकीकत याहून कडू आहे. बक्षीस घेणाऱ्या मार्गारेट रॉजर्स केडन या केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या. आपल्या भगिनींसह त्या एक दुकान चालवीत आणि त्या दुकानासाठी आसपासच्या स्त्रिया मजुरीने शिवणकाम करीत. गोधडी स्पर्धकाने स्वतः केलेली असावी अशी अट होती. केडनबाईंनी तिच्यात एकही टाका घातला नव्हता. तुकडे जोडणारी निराळी, टाके घालणाऱ्या निराळ्या. त्यांना ठरलेली मजुरी तेवढी मिळाली आणि हजार डॉलर्समधला एक डॉलरही मिळाला नाही. त्यांना सत्य ठाऊक होते. पण त्या वर्षी हातचे काम घालवणे परवडणारे नव्हते, म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि त्या कुटुंबांबाहेर ही गोष्ट सुमारे साठ वर्षे गेली नाही. बार्बरा ब्रॅकमन आणि मेरीके वाल्डव्होगेल या दोन संशोधिकांनी १९९३ साली या स्पर्धेवर पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ती उजेडात आली. गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली होती. आज ती कोठे आहे याचा पत्ता नाही.

एकत्र काम म्हटले की त्यात सारे काही गोड असते अशी आपली समजूत असते. चौकटीभोवतीच्या बैठकीत टाके कोणाचे हे सर्वांना दिसत असे. बारीक टाका घालणारीचे नाव पंचक्रोशीत होई. दुकानाच्या मागच्या खोलीत ते नाव पुसले गेले. छापील मालिकेने तिसरीच व्यवस्था केली. तिच्यात नमुना देणारी टोपणनावाची आणि शिवणारी निनावी, पण गोधडी मात्र निःसंशय शिवणारीची. या तिन्हींत मालिकेचा करार अधिक सरळ होता, असेच म्हणावे लागते.

‘स्टार’मध्ये तर पुढे आणखी एक पालट झाला. संपादिकांनी रचलेल्या नमुन्यांबरोबर वाचक स्त्रियांनी पाठविलेले नमुने येऊ लागले, आणि मंदीच्या वर्षांत तेच अधिक दिसू लागले. आर्कान्सा, ओक्लाहोमा, मिसुरी येथल्या शेतकरणी आपल्या घरातला नमुना पाठवीत आणि वृत्तपत्र पाठविणारीचे नाव आणि गाव खाली छापी. धुळीच्या वादळांनी ज्यांची शेते उडून गेली त्या प्रदेशातल्या या बायका होत्या. जी वस्तू छापखान्याकडून घरात येत होती ती आता घरातून छापखान्याकडे जाऊ लागली. १९६१ साली हे सदर बंद झाले, तोवर एक हजाराहून अधिक नमुने छापून झाले होते.

हप्त्याची ओढ मात्र सदराबरोबर संपली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘गूढ गोधडी’ हा प्रकार अमेरिकेत लोकप्रिय झाला, आणि तो आजही चालू आहे. त्यात आरंभी केवळ कापडाचे माप सांगतात: गडद इतके वार, फिके इतके, मधल्या छटेचे इतके. चित्र दाखवीत नाहीत. मग एकेक सूचना येते. अमुक मापाचे त्रिकोण शंभर करा, अमुक पट्ट्या जोडा, आणि बाजूला ठेवा. आपण काय करीत आहोत हे अखेरच्या सूचनेपर्यंत कोणालाच कळत नाही. सोबतिणींना विचारावे तर त्याही तितक्याच अंधारात. जुन्या मालिकेत विषय तरी ठाऊक असे, ससा की फूल हे कळे. येथे तोही आधार काढून घेतला आहे. तरीही हजारो जणी शंभर त्रिकोण कापून बसतात.

अपुऱ्या राहिलेल्या गोधड्याही पुष्कळ आहेत. १९३० च्या दशकातील जोडून झालेले पण अस्तर न लागलेले वरचे थर अमेरिकेतील जुन्या सामानाच्या बाजारांत अजून मिळतात. कोठे विसांपैकी सतराच चौकोन, आणि उरलेल्या तिघांच्या पिवळ्या पडलेल्या कात्रणांची घडी त्याच पुडक्यात. अशी कात्रणे जमवून त्यांतले नमुने ओळखण्याचे आणि त्यांची नावे लावण्याचे काम बार्बरा ब्रॅकमन यांनीच हाती घेतले. तुकडेजोडीच्या चार हजारांहून अधिक नमुन्यांचा त्यांचा कोश १९७९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. तोही एकदम आला नाही. भागाभागाने आला, आणि घेणाऱ्यांना पुढच्या भागाची वाट पाहावी लागली.