धावरोधक गोलंदाजाची कारकीर्द : एक विवेचन

प्रथम संज्ञा निश्चित करू. बेसबॉलमध्ये आरंभीचा पिचर थकला वा निष्प्रभ ठरला की त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर. क्रिकेटमध्ये त्याला सर्वांत जवळचा म्हणजे धावरोधक गोलंदाज. दोघांत मूलभूत भेद एक. बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. क्रिकेटमध्ये कर्णधार त्याच गोलंदाजाला दिवसभरात अनेकदा पाचारण करतो. म्हणून धावरोधकाचे कार्य तुकड्यातुकड्यांनी चालते.

रोधनाचे प्रकार दोन : (१) बळी घेऊन केलेले, (२) धाव नाकारून केलेले. दुसऱ्याचे मोल सहज दिसत नाही. पेठ तालुक्यात उतारावरच्या भातखाचराचा बांध स्वतः पीक देत नाही. पावसाळ्यात तो माती व पाणी धरून ठेवतो, म्हणून खाचरात भात उभा राहतो.

या दुसऱ्या प्रकाराचे शुद्ध उदाहरण नाशिक येथे ४ एप्रिल १९३३ रोजी जन्मलेले बापू नाडकर्णी. त्यांच्या कसोटी कारकिर्दीची पहिली अवस्था बदलीची. डिसेंबर १९५५ मध्ये विनू मांकड यांनी विश्रांती घेतली, म्हणून दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध त्यांना स्थान मिळाले. नाबाद ६८ धावा करूनही मांकड परतताच ते स्थान गेले.

दुसरी अवस्था रोधनाची. तिचा कळस १२ जानेवारी १९६४ रोजी मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. त्या डावातील त्यांचे चार स्पेल असे : ३ षटकांत ० धावा, ७ षटकांत २, १९ षटकांत १, ३ षटकांत २. एकूण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. सलग निर्धाव षटके २१, धाव न दिलेले सलग चेंडू १३१. येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. इंग्लंडचे अनेक खेळाडू आजारी होते आणि बोलस व बॅरिंग्टन बचावावर भर देत होते. निर्धाव षटक हे गोलंदाज व फलंदाज या दोघांचे संयुक्त फल असते. तरीही सलग १३१ चेंडूंपैकी एकही सैल न पडणे हा गोलंदाजाचाच भाग. सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याची त्यांची रीत होती; त्या रीतीचे हे फळ.

आता उलट बाजू. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच शहरात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ३१ धावांत ५ व ९१ धावांत ६ असे ११ बळी घेतले. म्हणजे (१) आणि (२) हे दोन स्वतंत्र गोलंदाज नव्हेत. एकाच अचूकतेची ही दोन फळे, आणि कोणते मिळेल ते समोरच्याच्या हेतूवरही अवलंबून राहते.

मापनाचा प्रश्न उरतो. बेसबॉलमध्ये 'सेव्ह' ही नोंद १९६९ पासून अधिकृत आहे. ती विजयी संघाच्याच पिचरला मिळते. जानेवारीतील कसोटी अनिर्णित राहिली, ऑक्टोबरमधील भारताने गमावली. त्या नियमाने दोन्ही कामगिऱ्या नोंदीबाहेर राहतात. क्रिकेटच्या नोंदवहीत मात्र ४१ कसोटींतील ८८ बळींशेजारी आणखी एक रकाना आहे : षटकामागे १.६७ धावा.