घराच्या ऊर्जा कार्यक्षमतेची परीक्षा छतापासून

मे महिन्यात जळगाव जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा विजेचे बिलही त्याच्या मागोमाग चढते. बिल वाढले की दोष विजेच्या दराला दिला जातो. प्रत्यक्षात बरीच वीज घराच्या रचनेमुळेच वाया जाते. ती नेमकी कोठे जाते, हे शोधणे म्हणजे घराच्या ऊर्जा कार्यक्षमतेचे मूल्यमापन होय.

कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर असलेल्या जळगावजवळच्या असोद्यासारख्या गावांत या विषयाचा धडा घरबांधणीतच सापडतो. जाड मातीच्या भिंती आणि लाकडी सऱ्यांवर मातीचा थर दिलेले धाबे, ही खानदेशी घराची जुनी पद्धत. मातीचा जाड थर दुपारची उष्णता आत पोहोचू देण्यास विलंब लावतो. त्याउलट उघडा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. पंखा मग गरम हवाच फिरवत राहतो.

मूल्यमापनाची सुरुवात बिलापासून करावी. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर दिलेला असतो. फेब्रुवारी आणि मे महिन्यांच्या युनिटमधील फरक हा बहुतांशी उष्णतेशी झुंजण्याचा खर्च असतो. घरगुती वापरात १०० युनिटच्या पुढील प्रत्येक युनिटला चढा दर लागत असल्याने ही तफावत खिशाला अधिक जाणवते.

दुसरी पायरी उपकरणांची. वॅटला वापराच्या तासांनी गुणून १,००० ने भागले की युनिट मिळतात. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास चालल्यास महिन्याला २७ युनिट लागतात. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याला सुमारे ११ युनिट पुरतात. घरातील सर्व उपकरणे बंद करूनही इलेक्ट्रॉनिक मीटरवरील पल्सचा दिवा लुकलुकत राहिला, तर एखादे उपकरण सुरू राहिले आहे किंवा वायरिंगमध्ये गळती आहे, असे समजावे. गळतीचा संशय असल्यास परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी.

तिसरी व महत्त्वाची पायरी छताची. रात्री दहाच्या सुमारास वरच्या मजल्यावरील छत हाताला गरम लागत असेल, तर तेथे उपाय हवा. स्लॅबवर चुन्याचा किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा थर, चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली, हे त्यातील कमी खर्चाचे मार्ग. पडदा आतून लावल्यास ऊन काचेतून आधीच आत आलेले असते.

देशपातळीवर ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला. ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना २००२ मध्ये झाली आणि २००६ पासून उपकरणांना तारांकन मिळू लागले. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ मात्र २०१८ मध्ये आली. छतातून होणाऱ्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा तिने प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॅट अशी ठेवली. कोणताही रोधक थर नसलेला काँक्रीटचा स्लॅब या मर्यादेत बसत नाही. संहिता मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी असली, तरी छोट्या घराचा आराखडा तपासतानाही ती कसोटी उपयोगी पडते.

२०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सौरसंचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. सौरसंच बसविण्यापूर्वी हे मूल्यमापन केल्यास लहान संचातही गरज भागू शकते. आधी छत, मग पंखे व दिवे, त्यानंतर वातानुकूलन यंत्र आणि शेवटी सौरपट्ट्या, हा क्रम पाळल्यास खर्च कमी व गारवा अधिक, असा हिशेब जुळतो.